स्प्रिंगर चिमट्याची लांबी

रायपूर शहरातील ब्राह्मणपारा ही जुनी वस्ती आहे. छत्तीसगडी भाषेत 'पारा' म्हणजे वस्ती किंवा मोहल्ला. येथील अरुंद गल्लीत लांबच लांब पुढच्या चिमट्याची एक मोटारसायकल आली आहे, अशी कल्पना करू. मोकळ्या हमरस्त्यावर बाणासारखी सरळ धावणारी ही गाडी वळणावर मात्र अडते. हॅण्डल एका बाजूस कोसळू पाहते आणि दोन-तीनदा मागेपुढे केल्यावाचून गाडी वळत नाही. दोष चालविणाऱ्याचा नाही, भूमितीचा आहे. ही भूमिती समजून न घेता केवळ शोभेसाठी चिमट्याची लांबी ठरविली, तर पैसा तर वाया जातोच, शिवाय जिवावरही बेतू शकते.

स्प्रिंगर म्हणजे काय?

मोटारसायकलच्या पुढच्या चाकास धरणाऱ्या दुभंगी भागास आपल्याकडील कारागीर चिमटा म्हणतात. स्प्रिंगर चिमट्यात पायांच्या दोन जोड्या असतात. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या पद्धतीत मागची जोडी ताठ असून तीच गाडीचा भार वाहते. पुढच्या जोडीच्या माथ्यावर स्प्रिंगा बसविलेल्या असतात. दोन्ही जोड्या तळाशी 'रॉकर' नावाच्या छोट्या तरफेने सांधलेल्या असतात व चाकाचा आस ह्या तरफेतच धरलेला असतो. चाक खड्ड्यातून वर उचलले गेले की तरफ फिरते, पुढची जोडी वर सरकते आणि धक्का स्प्रिंगांत जिरतो.

ह्या कंपनीने आपल्या मोठ्या गाड्यांवर १९४८ पर्यंत हाच चिमटा वापरला. १९४९ मध्ये नळीत नळी सरकणारा, तेलाने धक्का शोषणारा चिमटा आला. पुढे १९८८ मध्ये, जुन्या रूपाच्या आवडीमुळे, स्प्रिंगर पुन्हा अवतरला. आपल्या देशात १९५५ पासून मद्रासेस तयार होऊ लागलेल्या बुलेटला नळीचाच चिमटा होता. तथापि हौशी मंडळी आज बुलेटवरच नाना प्रयोग करतात. मुंबईतील अक्षय वर्दे यांच्या 'वर्देंची' ह्या अस्सल मराठी नावाच्या कार्यशाळेने घडविलेल्या गाड्या बव्हंशी बुलेटवरच आधारलेल्या आहेत.

कल, आघाडी आणि माग

लांबीचा विचार करण्यापूर्वी तीन मापे ओळखून घेतली पाहिजेत. हॅण्डल ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष उभ्या रेषेपासून जितका मागे झुकलेला असतो, त्या कोनास आपण 'कल' म्हणू. चाकाचा आस ह्या अक्षाच्या जितका पुढे असतो, ते अंतर 'आघाडी'. आता हा अक्ष मनाने जमिनीपर्यंत लांबवा. तो चाकाच्या जमिनीवरील टेकबिंदूच्या पुढे जमिनीस मिळेल. ह्या दोन बिंदूंतील अंतर म्हणजे 'माग'. कारागीर त्यास ट्रेल म्हणतात.

मागाचे कार्य कोणालाही साध्या सायकलवर पाहता येईल. सायकल सीटला धरून उभी ठेवा आणि पुढे ढकला. हॅण्डल बहुधा सरळ राहते. तशीच ती मागे ओढा. हॅण्डल लगेच वळून जाऊ पाहते. चाकाचा टेकबिंदू अक्षाच्या मागे फरफटत येतो तेव्हा चाक आपोआप वाटेवर येते. दुचाकीच्या स्थैर्याचे हेच एकमेव कारण नव्हे. मागाचा व चाकाच्या भ्रमणाचा परिणाम काढून टाकूनही सायकल स्वतःचा तोल सावरू शकते, असे २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. तरीही नेहमीच्या गाडीत माग फार कमी झाल्यास हॅण्डल थरथरते आणि फार वाढल्यास ते जड होते, हा अनुभव खराच.

एक उदाहरण

माग काढण्याची रीत सोपी आहे. चाकाच्या त्रिज्येस कलाच्या ज्येने, म्हणजे साइनने, गुणावे. त्यातून आघाडी वजा करावी. उरलेल्यास कलाच्या कोज्येने भागावे. त्रिज्या ३२० मिलिमीटर, कल ३० अंश व आघाडी ७० मिलिमीटर असेल, तर माग सुमारे १०४ मिलिमीटर येतो. ज्या ठिकाणी चिमटा गाडीच्या मानेस मिळतो तेथील उंची ७०० मिलिमीटर धरल्यास, मानेपासून अक्षाच्या दिशेने मोजलेली चिमट्याची लांबी ४७९ मिलिमीटर भरते.

आता सांगाडा तसाच ठेवून चिमटा ५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच लांब घेतला तर काय होईल? बाजारात अशा चिमट्यास 'दोन ओव्हर' म्हणतात. गाडीचे नाक वर उचलले जाईल. दोन्ही चाकांमधील अंतर १,४०० मिलिमीटर असेल, तर सगळी गाडी सुमारे पावणेदोन अंश मागे झुकेल. त्याबरोबर कलही तितकाच वाढेल व माग ११५ मिलिमीटरच्या आसपास जाईल. म्हणजे खरेदी केली लांबीची, पण बदलले सर्वच.

सांगाडा आडवा राखून मानेचा कलच ४० अंश केला, तर चिमटा ५५५ मिलिमीटरचा लागेल. पण माग १७७ मिलिमीटर होऊन वळताना हॅण्डल कोसळण्याची प्रवृत्ती जवळजवळ दुप्पट होईल. माग पुन्हा १०४ वर आणावयाचा, तर आघाडी १२६ मिलिमीटर करावी लागते. आणि आघाडी वाढविली की आस वर उचलला जातो, म्हणून लांबी पुन्हा वाढवून ६०२ मिलिमीटर करावी लागते. ह्यावरून एक नियम निघतो: आधी कल ठरवावा, मग हवा तो माग मिळेल अशी आघाडी ठरवावी, आणि लांबी सर्वांत शेवटी मोजावी. हे मोजमाप चालक गाडीवर बसलेला असताना, स्प्रिंगा दबलेल्या स्थितीत करावे. रिकाम्या गाडीवर घेतलेले माप फसवे असते.

लांबीची किंमत

माग जुळवून घेतला तरी सर्व अडचणी मिटत नाहीत. वरील उदाहरणात पुढचे चाक सुमारे १८ सेंटिमीटर पुढे गेले आहे. गाडीस वळावयास तितकी अधिक जागा लागणारच. शिवाय एका टोकास पक्की बसविलेली दांडी आडव्या भाराखाली लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाकते. ४७९ ऐवजी ६०२ मिलिमीटरचा चिमटा, जाडी तीच राहिल्यास, तितक्याच भाराखाली सुमारे दुप्पट वाकेल. म्हणून लांब चिमट्याची नळी व सांध्यांची जोडणी अधिक मजबूत असावी लागते.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ह्या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. तेव्हा सांगाड्यास हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर.

तात्पर्य, योग्य लांबी सर्वांसाठी एकच नसते. चाकाची त्रिज्या, मानेची उंची, कल आणि आघाडी ह्या चौघांच्या हिशेबाचे ते उत्तर आहे. ज्यास रोज ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीतून ये-जा करावयाची आहे त्याने मूळ लांबीच्या जवळच राहावे. ज्यास दूरच्या सरळ रस्त्याची हौस आहे त्याने लांबी अवश्य वाढवावी. परंतु प्रथम कागद, पेन्सिल आणि कोनमापक घेऊन बसावे, आणि मगच लोखंड कापावे.