डाळिंबाच्या कोवळ्या बागेत शेंडा व मूळ यांची वाढ आणि खताचा हप्ता

बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत मोडतात. वार्षिक पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर व त्यातील मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याच्या काळ्या जमिनीत ऊस उभा राहतो. कालव्याबाहेरील हलक्या, चुनखडीच्या माळावर मात्र डाळिंबाने अनेक कुटुंबांना आधार दिला आहे. अशा माळावरील कोवळी बाग पावसाळ्यात हिरवीगार दिसते, परंतु एप्रिलच्या उन्हात माना टाकते. पाण्याच्या टंचाईबरोबरच मुळांची उणीव हेही त्याचे एक मोठे कारण असते.

मूळ व शेंडा यांचा हिशेब

डाळिंबाची लागवड बहुधा गुटी कलमांनी होते. अशा कलमास सोटमूळ नसते. खोडाच्या बुंध्यातून फुटलेली तंतुमुळे जमिनीच्या वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात. म्हणून पहिल्या दोन वर्षांत बाग वाढविणे म्हणजे प्रथम मूळ वाढविणे होय.

शेंडा व मूळ यांची वाढ सारख्या जोराने चालत नाही. नवी फूट निघते तेव्हा झाडातील साखर त्या फुटीकडे ओढली जाते व मूळ मंदावते. पाने पक्व होऊन स्वतः अन्न तयार करू लागली की ती साखर खाली उतरते व पांढरी मुळी सुटू लागते. पावसाच्या आरंभी फुटीचा जोर असतो. पाऊस उघडल्यावर, जमिनीत ओल व ऊब दोन्ही असताना, मुळांना उत्तम संधी मिळते. कडक थंडीत दोहोंची वाढ मंदावते.

नत्र, स्फुरद व पालाश

नत्राने शेंडा लवकर वाढतो. परंतु ते गरजेपेक्षा अधिक झाल्यास मुळांच्या मानाने पाला फार होतो, आणि उन्हाळ्यात थोडे मूळ पुष्कळ पानांची तहान भागवू शकत नाही. शिवाय पावसाळ्यातील लुसलुशीत फुटीवर तेल्या रोग व मावा लवकर येतात. स्फुरद मुळांच्या वाढीस लागते. चुनखडीच्या जमिनीत ते बांधले जाते व जागचे फारसे हलत नाही. म्हणून ते कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांजवळ मातीआड द्यावे. पालाशाने झाडास पाण्याचा ताण सोसण्यास मदत होते.

राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे पहिल्या वर्षी प्रत्येक झाडास १० किलो शेणखत, २५० ग्रॅम नत्र, १२५ ग्रॅम स्फुरद व १२५ ग्रॅम पालाश द्यावे. म्हणजे सुमारे ५४५ ग्रॅम युरिया, ७८० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट व २१० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश होय. माती परीक्षणानुसार यात फेरबदल करावा.

खत देण्याची रीत

१. शेणखत व स्फुरद पावसाळ्याच्या प्रारंभी द्यावे.

२. युरिया एकदम न देता तीन-चार हप्त्यांत द्यावा. संततधार पावसात हप्ता देऊ नये. नत्र वाहून जाते. पाऊस उघडल्यावर दिलेला हप्ता मुळांच्या कामी येतो.

३. युरिया उघड्यावर टाकल्यास चुनखडीच्या जमिनीत त्यातील नत्र वायुरूपाने उडून जाते. तो मातीआड करून लगेच पाणी द्यावे.

४. खत बुंध्याशी न टाकता पानांच्या घेराखाली द्यावे. झाड वाढेल तसे ठिबकचे ड्रिपर बाहेर सरकवावेत. जेथे ओल, तेथेच मूळ जाते.

५. जमिनीत ओल नसताना खत देऊ नये. उन्हाळ्यात आच्छादन करावे.

पाहणी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास बरोबर घेऊन पानांच्या घेराच्या कडेस फूटभर खोल अरुंद खड्डा अलगद घ्यावा. टोके पांढरी व टवटवीत दिसली तर मुळी चालू आहे व खत लागू पडेल. मुळी तपकिरी व मोजकीच आढळल्यास खत वाढविण्याआधी पाणी, निचरा व शेणखत यांकडे पाहावे. शेंडा बांधावरून दिसतो, मूळ मात्र उकरूनच पाहावे लागते. पहिली दोन वर्षे बहार न धरता मूळ बसविणाऱ्या शेतकऱ्याची बाग पुढील टंचाईत तग धरण्याची आशा अधिक असते.