मुलाची जागा मांडीवर नव्हे, सीटवर

माल पाहणे असो की लग्नकार्य, नांदुऱ्याहून मलकापूर, खामगाव, अकोल्याला आपले व्यापारी व कारागीर बांधव राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून मोटारीने जातात. लहान मूल मात्र पुष्कळदा पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर असते. टक्कर होताच मुलाचा भार कित्येक पटींनी वाढतो. कोणाचेही हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत. एअरबॅग उघडल्यास तिचा दणकाही मुलालाच बसतो.

२०१९ च्या दुरुस्तीनुसार मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ बी सांगते की, १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसल्यास १,००० रुपये दंड होतो.

चाइल्ड सीट घेताना माल पारखतो तशीच ती पारखावी, असे आम्ही सुचवतो. ए.आय.एस. ०७२ या भारतीय मानकाचा उल्लेख पाहावा. मुलाचे वजन व उंची यांना ती जुळावी आणि आपल्या गाडीत घट्ट बसावी. अपघातग्रस्त गाडीतली जुनी सीट स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

सीट मागेच लावावी. तान्ह्या मुलाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस असावे. पट्टे पिळलेले वा सैल नसावेत.

औलाद ही अल्लाहची अमानत आहे. मालाचा विमा आपण न चुकता काढतो. मग अमानतीची हिफाजत त्याहून आधी करावी, हीच आमची विनंती.