नखांचा श्वास

गेल्या शनिवारी दुपारी, घर सामसूम असता, जांभळाच्या सालीसारख्या गडद रंगाची नवी बाटली मी उघडली आणि डाव्या करंगळीवरून कुंचला फिरवते न फिरवते तोच शेजारच्या काकू साखरेची वाटी परत करण्याच्या निमित्ताने दारात उभ्या राहिल्या, माझ्या हाताकडे पाहून क्षणभर थबकल्या, आणि ज्या वाक्याने गेली चाळीस वर्षे माझा पिच्छा पुरवला आहे तेच वाक्य त्यांनी उच्चारले: "अहो, मधूनमधून नखांना श्वास तरी घेऊ द्या!"

हे वाक्य मी कोठे ऐकले नाही? लोकलच्या महिलांच्या डब्यात ऐकले, लग्नघरात मेंदी वाळण्याची वाट पाहत बसलेल्या बायकांत ऐकले, आणि कळस म्हणजे पार्लरमध्ये मॅनिक्युअर करणाऱ्या ज्या मुलीच्या तोंडून ते ऐकले ती एके काळी माझ्याच वर्गात बसून ऑक्सिजनचे गुणधर्म घोकीत असे. कोणी महिन्यातून आठ दिवस नखे मोकळी ठेवावयास सांगते, कोणी दोन रंगांच्या मध्ये तीन दिवसांचे अंतर पाळावयास सांगते. मुदतीविषयी मतभेद पुष्कळ, परंतु श्वासाविषयी एकमत. निवृत्तीनंतरही अंगात मुरलेली मास्तरकी स्वस्थ बसू देत नाही, सबब या श्वासाची एकदा रीतसर रुजवात घालणे मला भाग आहे.

नख म्हणून जो कठीण, चकचकीत पापुद्रा आपण रंगवतो, कापतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कुरतडतो, तो केराटिनाने भरलेल्या मृत पेशींचे एकावर एक घट्ट बसलेले थर होय. जिवंत कारखाना आहे तो नखाच्या मुळाशी, कातडीच्या घडीखाली दडलेला; अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी जी पांढुरकी चंद्रकोर दिसते ती त्या मुळाचीच बाहेर डोकावणारी कड. तेथे पेशी जन्मास येतात, मागून येणाऱ्या पेशींच्या रेट्याने पुढे सरकतात, चपट्या होतात, आपले केंद्रक गमावतात, आणि बाहेरच्या उजेडात येईपर्यंत त्यांचा जीवनव्यवहार आटोपलेला असतो. त्या मुळाला आणि नखाखालच्या गुलाबी गादीला लागणारा प्राणवायू, तसेच पोषण, रक्तवाहिन्यांतून पोहोचते; वरून लाल रंग लावला काय, निळा लावला काय, त्या पुरवठ्यात तिळमात्र फरक पडत नाही. जो मृत आहे त्याने श्वास घ्यावा ही अपेक्षा आपण केसांच्या बाबतीत करीत नाही, शिंगांच्या आणि खुरांच्या बाबतीत करीत नाही, मग एकट्या नखांनीच काय पुण्य केले आहे?

शरीराचा कोणताच भाग हवेतून थेट प्राणवायू घेत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खोटे ठरेल. डोळ्याच्या पुढल्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. जागेपणी तो आपला बहुतेक प्राणवायू हवेतूनच घेतो, आणि म्हणूनच कॉन्टॅक्ट लेन्स बनवणाऱ्यांना प्राणवायू आरपार जाऊ देणारे पदार्थ शोधावे लागले. त्वचेच्या वरच्या सुमारे पाव ते चार दशांश मिलिमीटर जाडीच्या थराची प्राणवायूची गरजही जवळजवळ सर्वस्वी बाहेरच्या हवेतून भागते, असे २००२ साली जर्मनीतील संशोधकांनी मोजून दाखवले आहे. पण ही दोन्ही उदाहरणे जिवंत पेशींची आहेत. शिवाय नखे खरोखरच गुदमरत असती, तर सकाळी मोज्यांत आणि बुटांत कोंडलेली पायांची नखे संध्याकाळी घरी येईपर्यंत दगावावयास हवी होती. त्यांच्या श्वासाची चिंता करणारी एकही काकू मला आजवर भेटलेली नाही.

इतके सांगून झाल्यावर समोरची व्यक्ती जो प्रतिप्रश्न करते तो मात्र विचार करण्याजोगा असतो. "मग रंग काढल्यावर नखे पिवळी का दिसतात? पांढरे खडूसारखे डाग का पडतात?" तक्रार खरी आहे, आरोपी चुकीचा धरला आहे. पिवळेपणा हा गडद, विशेषतः लाल छटांमधील रंगद्रव्य नखाच्या वरच्या थरांत झिरपल्याचा परिणाम आहे, आणि त्याची ओळख घरबसल्या पटते: डागाची खालची कड कातडीच्या घडीला समांतर वळण घेत असेल तर डाग बाहेरून लागलेला, तीच कड चंद्रकोरीचे वळण घेत असेल तर कारण शरीराच्या आत शोधावे आणि डॉक्टरांकडे जावे. रंगाखाली बेस कोटचा एक हात दिला की हे झिरपणे बऱ्याच अंशी टळते. पांढरे खडूसारखे खरखरीत डाग हे वरच्या थरांतील केराटिनाचे पापुद्रे सुटल्याने पडतात. रंग आठवडेच्या आठवडे तसाच ठेवला, किंवा एक रंग काढून लगेच दुसरा चढवला, की ते अधिक दिसतात. तेव्हा नखे काही दिवस मोकळी ठेवण्याचा सल्ला सर्वस्वी टाकाऊ नाही, हे मी कबूल करते. कारण तेवढे दिवस रिमूव्हरचे फेरे थांबतात. पण विश्रांती मिळते ती रिमूव्हरपासून. श्वासाचा तिच्याशी काही संबंध नाही.

हा भेद म्हणजे शब्दांचा कीस नव्हे, हे मी स्वतःच्या नखावर शिकले आहे. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी जेल पॉलिश करून घेतले, आणि पंधरा दिवसांनी एका कोपऱ्यातून ते उचकटलेले पाहून, पोस्टाच्या पाकिटावरचे तिकीट सोडवावे तसे मी ते अंगठ्यावरून एका झटक्यात ओढून काढले. सामान्य नेलपॉलिश द्रावक उडून गेल्याने वाळते आणि रिमूव्हरमध्ये पुन्हा विरघळते. जेलचे तसे नाही, त्याचे रेणू दिव्याच्या किरणांनी एकमेकांत गुंफले जाऊन जाळे बनते, आणि ते अॅसिटोनमध्ये भिजवून, मऊ करून, हलक्या हाताने सरकवावे लागते. हे ठाऊक असूनही मी ओढले. रंगाबरोबर नखाचा वरचा पापुद्राही निघून आला आणि खाली राहिला तो पांढुरका, कागदासारखा वाकणारा, गरम चहाचा पेला धरताच झोंबणारा भाग. त्यानंतर नख सहा आठवडे उघडे ठेवले. हवा भरपूर मिळाली, पण तो भाग तसूभरही सुधारला नाही, कारण मृत पेशी स्वतःची डागडुजी करू शकत नाहीत. खराब झालेले नख पुढे सरकून कापले जाण्यावाचून त्याला गती नसते.

किती दिवसांत कापले जाईल हे पाहण्यासाठी मी पाडव्याच्या दिवशी कातडीच्या घडीलगत कानशीने एक बारीक आडवी रेघ ओढली, आणि ती शेंड्याला पोहोचली तेव्हा गणपतींचे विसर्जन होऊन गेले होते. या उद्योगात माझे नावीन्य काही नाही. विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या अंगठ्याच्या नखाची वाढ पस्तीस वर्षे चिकाटीने मोजली आणि १९८० साली तो हिशेब वैद्यकीय नियतकालिकात छापला: बत्तिसाव्या वर्षी दिवसाला ०.१२३ मिलिमीटर, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. हाताचे नख सर्वसाधारणपणे महिन्याला तीन मिलिमीटर वाढते आणि मुळापासून पुरते बदलण्यास सुमारे सहा महिने घेते; पायाच्या अंगठ्याला वर्ष ते दीड वर्ष लागते. आठ दिवस "श्वास" दिल्याने नख नवे होते असे मानणाऱ्यांनी हा दाखला जवळ बाळगावा.

नखांचे खरे वैर पाण्याशी आहे. नखातून पाणी कातडीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने आत-बाहेर जाते. भांडी घासताना ते फुगते, वाळताना आक्रसते, आणि दिवसातून दहा वेळा हा प्रकार घडला की टोकाशी पापुद्रे सुटू लागतात. मोरीपाशी उभे राहताना रबरी हातमोजे घालणे हा यावरचा उपाय इतका नीरस आहे की त्याची शिफारस कोणी लोकलच्या डब्यात करीत नाही. बाजारात "श्वास घेणारे" म्हणून विकले जाणारे नेलपॉलिशही वस्तुतः या पाण्याशीच निगडित आहे. पोलंडच्या वोइचेख इंग्लॉट यांनी कॉन्टॅक्ट लेन्सच्या धर्तीचे बहुवारिक वापरून असा रंग काढला, आणि त्याला अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले ते मुस्लिम स्त्रियांचे. कारण नमाजापूर्वीच्या वुजूत पाणी नखापर्यंत पोहोचले पाहिजे अशी त्यांची अट असते. त्यांचा प्रश्न नेमका आणि तर्कशुद्ध होता. नखाला फुप्फुस आहे असे त्यांनी गृहीत धरले नव्हते.

श्वासाच्या खालोखाल जी फिर्याद येते ती "मोटारीचा रंग नखांना लावता" ही. ही इतिहासाला धरून आहे, हे सांगताना मला थोडा खट्याळ आनंद होतो. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारे नायट्रोसेल्युलोज हे एकाच घराण्यातले नाना गुणांचे अपत्य: त्याने तोफांची दारू झाली, सिनेमाच्या जुन्या फिती झाल्या, १९२० नंतर मोटारींचे झटपट वाळणारे रंग झाले आणि नेलपॉलिशचा पापुद्राही झाला. पण कुळ एक म्हणून स्वभाव एक होत नाही. धोका एवढाच की बाटलीतला द्रावक चटकन पेट घेतो, म्हणून ओली नखे घेऊन निरांजनापाशी किंवा गॅसच्या शेगडीपाशी जाऊ नये.

उरलेल्या समजुतींना मी फार वेळ देणार नाही. नखांवरचे पांढरे ठिपके कॅल्शियमच्या अभावाने पडत नाहीत. नखात कॅल्शियम असते ते हजारात एकदोन भाग, त्याचा कणखरपणा येतो गंधकाच्या बंधांतून, आणि ठिपके बहुधा काही आठवड्यांपूर्वी मुळाला बसलेल्या लहानशा धक्क्याची आठवण असतात. मॅनिक्युअर म्हणजे क्युटिकल कापलेच पाहिजे, हे तर उलटे शहाणपण झाले: ती कातडीची कड म्हणजे मुळाच्या दारावरचे मोहोरबंद टाळे आहे, ते तोडले की जंतू आत शिरतात आणि नखुरडे होऊन रात्रभर ठणकते. जेल पक्के करणाऱ्या एलईडी दिव्यात अतिनील किरण नसतात ही विक्रेत्यांची थाप आहे. जेल घट्ट होते ते त्याच किरणांमुळे. २०२३ साली कॅलिफोर्नियात बशीतल्या पेशींवर या दिव्यांचा मारा केला असता त्यांच्या डीएनएला इजा झालेली आढळली. त्यावरून माणसाला कर्करोग होतोच असे सिद्ध होत नाही, पण हाताला सनस्क्रीन लावून किंवा बोटे कापलेले हातमोजे घालून बसावे ही अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची शिफारस रास्त आहे. मेंदी नैसर्गिक म्हणून निर्धोक, हे खऱ्या मेंदीपुरते बहुतांशी खरे. "काळ्या मेंदी"त केसांच्या कलपातले रसायन मिसळलेले असते आणि त्याने कातडीवर फोड येतात. आणि नेलपॉलिशची अॅलर्जी असती तर बोटेच सुजली असती, असे म्हणणाऱ्यांना सांगावेसे वाटते की ती बहुधा पापण्यांवर आणि मानेवर उमटते, कारण ओल्या नखांनी आपण तेथेच स्पर्श करीत असतो.

सावळ्या हाताला गडद रंग शोभत नाही, या समजुतीला मी शास्त्राने उत्तर देणार नाही, कारण तिला शास्त्राचा आधारच कधी नव्हता; माझा हात सावळा आहे आणि जांभळी बाटली माझी आहे. फसगत होते ती दुसऱ्या कारणाने: बाटलीत दिसतो तो रंगाचा जाड साठा, नखावर येतो तो त्याचा झिरझिरीत थर, आणि दुकानातला दिवा वेगळा, अंगणातला उजेड वेगळा. म्हणून नवी छटा पारखताना मी पारदर्शक चिकटपट्टीच्या तुकड्यावर दोन हात देते, वाळू देते, आणि ती पट्टी नखावर ठेवून खिडकीशी जाऊन पाहते.

त्या शनिवारी काकूंसमोरही मी तीन पट्ट्या ठेवल्या. हे सारे प्रवचन त्यांनी चहा संपेपर्यंत निमूटपणे ऐकून घेतले, मधली विटकरी पट्टी उचलून उजेडात धरली, आणि म्हणाल्या, "ही बाटली मला द्या दोन दिवस. पायांच्या नखांना लावून बघते. त्यांना मेलं कुठे श्वास लागतो!"