हातात हँडल, कानात फोन

फाट्यावरच्या एखाद्या चहाच्या टपरीवर घटकाभर बसावे आणि येणारी-जाणारी वाहने न्याहाळावीत. दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल येते. चालवणाऱ्याची मान एका खांद्याकडे कललेली. मानेत लचक भरली असेल म्हणावे, तर तसे काही नसते. कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन दाबून धरलेला असतो. तिच्यामागे वडापची जीप येते, तिचा चालक पुढच्या गावच्या गिऱ्हाइकाला ‘आलोच, आलोच’ म्हणत असतो. मग उसाचा ट्रॅक्टर. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात फोन, आणि कारखान्यावर किती गाड्या उभ्या आहेत याची चौकशी चाललेली.

यांतल्या कुणालाही विचारा, ‘का हो, गाडी चालवताना फोनवर बोलणे बरे का?’ उत्तर ठरलेले : ‘छे, फार वाईट! लोकांना कळतच नाही.’ हा ‘लोक’ शब्द मोठा सोयीचा आहे, बरं का. त्यात सगळे गाव येते, फक्त आपण येत नाही. अमेरिकेतल्या मोटारचालकांच्या पाहण्यांतही हेच आढळले आहे. गाडी चालवताना फोन हाताळणे धोक्याचे, असे बहुतेकजण म्हणतात. आणि त्यांतलेच पुष्कळजण गेल्या महिन्याभरात आपण ते केल्याचेही कबूल करतात.

म्हणजे अज्ञान हे काही कारण नव्हे. रोज बोलत बोलत जावे आणि रोज सुखरूप पोचावे, यातून माणूस चुकीचा धडा शिकतो. आपल्याला जमते, असे त्याला वाटू लागते. समोरच्याने वेळेवर ब्रेक दाबला होता म्हणून ते जमले, हे त्याने पाहिलेलेच नसते. वडापवाल्याची अडचण मात्र खरी आहे. त्याचे भाडे फोनवरूनच ठरते. उचलला नाही, तर गिऱ्हाईक दुसऱ्या जीपमध्ये बसते. त्याला नुसती दटावणी देऊन भागणार नाही.

आता थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. फोन कुणाचा आला हे पाहायला तीन सेकंद लागले, तर ५० मीटर रस्ता न पाहताच कापला गेला. कबड्डीची जवळजवळ चार मैदाने झाली! शिक्षकांनी शाळेच्या पटांगणावर एवढे अंतर मुलांकडून मोजून घ्यावे आणि एकेकाला डोळे मिटून त्यावर चालायला सांगावे. दहा-पंधरा पावलांतच डोळे उघडतात.

यावर कुणी म्हणेल, ‘मी कानात वायर घालतो, माझे दोन्ही हात मोकळे असतात.’ इथेच मोठी फसगत आहे. कॅनडातल्या टोरांटो शहरात डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिब्शिरानी यांनी टक्कर झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. त्यांचा लेख १९९७ साली प्रसिद्ध झाला. फोनवर बोलताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनमुळे तो कमी झाल्याचे काही दिसले नाही. पुढे अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांच्या प्रयोगांत असे आढळले, की फोनवर बोलणाऱ्याची नजर रस्त्याकडेच्या फलकावर पडते, पण तो फलक पाहिल्याचे त्याला पुष्कळदा आठवत नाही. डोळा बघतो, मन बघत नाही.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे चालते कसे? तोही रस्ता पाहत असतो. वळण आले की तो गप्प होतो. बैल आडवा आला की ‘अहो, जपून!’ म्हणतो. फोनवरच्या माणसाला ना वळण दिसते ना बैल. त्याचे आपले चालूच असते.

कायद्याने २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणे हे धोकादायक वाहनचालनात घातले आहे, आणि त्याला दंड व कैदेची तरतूद आहे. परंतु तिथे शब्द हातातल्या फोनचा आहे. मन कुठे गेले, हे चौकातल्या पोलिसाला कसे दिसणार?

आता स्वतःचे सांगतो, कारण मीही त्या ‘लोकां’तलाच. गळीत हंगामाचे दिवस, संध्याकाळी बारामतीहून घरी निघालो होतो. कानात वायर, दोन्ही हात हँडलवर. भाऊ सांगत होता, पंपाचा स्टार्टर जळला. कुठला स्टार्टर घ्यावा याचा विचार करतो आहे, तोच समोर उसाने भरलेली ट्रॉली! रस्त्यातच उभी, मागे ना दिवा ना लाल कापड. तिचा दोष होताच. पण ती काही आभाळातून पडली नव्हती. शेजारून गेलेल्या मोटारीच्या उजेडात ती बरीच आधी दिसायला हवी होती. करकचून ब्रेक दाबला, गाडी घसरली, गुडघा फुटला. ट्रॉली हातभर दूर राहिली. वायर कानातच होती. भाऊ ओरडत होता, ‘काय झालं रे? बोल की! बोलत का नाहीस?’

तेव्हापासून भाऊ दोन रिंगा देतो आणि फोन बंद करतो. मी पुढच्या टपरीपाशी गाडी उभी करून त्याला फोन लावतो. पंपाची बातमी अर्धा तास उशिरा कळते. तेवढ्याने ऊस काही वाळत नाही.