कात्री बाजूला ठेवून

जपानी कला घरी करून पाहायची म्हटलं की बहुतेक घरांत ओरिगामीपासून सुरुवात होते. माझं मत वेगळं आहे. ओरिगामीत पहिली घडी केसभर चुकली तरी शेवटी पक्षी वाकडा बसतो. लहान मूल चिडतं आणि आजी चष्मा शोधत राहते. सगळ्यांनी एकत्र बसून करायची कला म्हणजे चिगिरी-ए. कागद हातानं फाडायचा, खळीनं चिकटवायचा आणि तुकड्यांतूनच चित्र उभं करायचं. कात्रीला इथे कामच नाही. थरथरत्या बोटांनी फाडलेली कड उलट जास्त जिवंत दिसते.

जबलपूरला आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही नर्मदेचा धुवांधार धबधबा करायला घेतला. लेकीनं पाण्यासाठी निळा कागद काढला, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, पडतं पाणी निळं कुठं दिसतं? नुसता फेस असतो तिथं." मग फेस कसा करायचा, याचाच शोध सुरू झाला. उत्तर फाडण्यातच होतं. जुन्या मासिकाचं रंगीत पान छापील बाजू वर ठेवून धरायचं. हवा असलेला तुकडा डाव्या हातात, नको असलेला उजव्या हातानं आपल्या अंगाकडे ओढायचा. रंगाचा वरचा पापुद्रा सुटतो आणि डाव्या तुकड्याला पांढरी, ओबडधोबड किनार उरते. उलट दिशेला ढकललं तर ती दिसत नाही. करड्या-निळ्या पट्ट्यांना अशी किनार काढून त्या एकीवर एक चढवल्या, आणि ब्रशला हात न लावता फेस आला.

कागदाला दिशा असते हेही तेव्हाच मुलांच्या हाताला कळलं. वर्तमानपत्र एका बाजूनं सरळ फाटतं, दुसऱ्या बाजूनं भरकटतं. पट्टी हवी तर पहिली बाजू, खडक हवा तर दुसरी.

जपानात यासाठी वाशी कागद वापरतात. कोझो नावाच्या तुतीवर्गीय झाडाच्या सालीपासून तो करतात. त्यातले तंतू लांब असतात, त्यामुळे फाडल्यावर कडेला मऊ केसर राहतं आणि एक तुकडा दुसऱ्यात विरघळल्यासारखा दिसतो. २०१४ साली वाशी बनवण्याच्या कारागिरीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. आपल्याकडे हातकागद चालतो. ओल्या ब्रशनं रेघ ओढायची, पाणी मुरू द्यायचं आणि दोन्हीकडून हलकेच ताणायचं. कागद रेघेवरच सुटतो आणि केसरही राहतं. पतंगाचा कागद पातळ म्हणून धुक्यासाठी उत्तम, पण खळ जास्त झाली तर रंग सुटतो.

या कलेतलं मोठं नाव कियोशी यामाशिता यांचं (१९२२–१९७१). मतिमंद मुलांच्या संस्थेत ते हे काम शिकले, तिथून निघून वर्षानुवर्षं पायी भटकले आणि पाहिलेलं परत आल्यावर आठवणीतून कागदात उतरवलं. १९५० सालच्या नागाओकाच्या आतषबाजीच्या चित्रात ठिणग्यांसाठी त्यांनी कागदाच्या बारीक वळ्या वळल्या आहेत.

जबलपूरकराला हे वाचताना चित्रकार अमृतलाल वेगड आठवल्याशिवाय राहत नाहीत. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले, आणि नंदलालबाबू १९२४ साली रवींद्रनाथांबरोबर चीन-जपान पाहून आलेले. वेगडजी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जबलपूरहून मंडल्याच्या वाटेला लागले आणि टप्प्याटप्प्यानं नर्मदाकाठ चालत राहिले. वाटेत रेखाटनं करायची आणि घरी कागदाच्या तुकड्यांतून घाट, होड्या, परकम्मावासी उभे करायचे. यामाशिता आणि वेगड यांनी एकमेकांचं काम पाहिलं होतं की नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. पायी चाललेल्या माणसाला रंगांच्या तुकड्यांतून लिहावंसं वाटावं, हे मात्र मला अगदी पटतं. नर्मदा आमच्या दारची आहे, म्हणून मुलांना फुजी पर्वताऐवजी तिलाच करायला सांगावं.

आमच्या चित्रात संगमरवराचे खडक सासूबाईंनी केले. त्यांनी दिवाळी अंकातल्या जाहिराती चाळून पिवळसर, गुलाबी, राखी असे कागद वेगळे काढले. खडकाखालच्या सावलीला लेक काळा कागद लावायला निघाली, तर त्यांनी तिचा हात अडवला: "काळा नको गं, गडद हिरवा लाव. पाण्यात बघ ना नीट." हिरवा लावला आणि दरी खोल गेली.

खळ मैद्याची, पातळ शिजवलेली. ती टिकावी म्हणून पूर्वी मोरचूद घालत. मुलं टेबलाशी असतील तर तो विषारी पदार्थ नकोच. लागेल तेवढीच खळ करावी आणि त्याच दिवशी संपवावी. मोठ्या तुकड्याला मधोमध लावून बाहेरच्या बाजूला पसरावी, नाहीतर कड सुटते. चित्र पुरं झालं की वर कोरा कागद, त्यावर जाडजूड पुस्तकं आणि एक रात्र दाब. पावसाळ्यात दोन रात्री ठेवावं.