गोणीला बांधलेली चिठ्ठी

आमच्या कोकणात कालवं कच्ची खायची रीत नाही. ओहोटीला बायका खडपावर बसतात, कोयतीच्या टोकाने वरची शिंपी उडवतात आणि आतला गर भांड्यात जमवतात. घरी आला की तो खोबऱ्याच्या वाटपात रटरटतो. त्यामुळे न्यूयॉर्कला बर्फावर मांडलेली उघडी कालवं पहिल्यांदा समोर आली, तेव्हा माझं लक्ष ताटापेक्षा काउंटरमागच्या माणसाकडे जास्त होतं. त्याने एक गोणी रिकामी केली, तिला बांधलेली चिठ्ठी सोडली, तिच्यावर पेनाने तारीख घातली आणि तारेत टोचून ठेवली. आपल्याकडच्या दुकानात बिलं टोचायची तार असते, तशीच. विचारलं तर म्हणाला, नव्वद दिवस ठेवावी लागते.

ही चिठ्ठी ज्या व्यवस्थेतली आहे, तिला 2025 मध्ये शंभर वर्षं झाली. तिची मुळं मात्र आणखी मागे, एका कॉलेजच्या जेवणावळीत सापडतात.

ऑक्टोबर 1894. कनेटिकट राज्यातल्या मिडलटाउन गावी वेस्लियन विद्यापीठातल्या विद्यार्थी मंडळांनी नव्या मुलांच्या स्वागताच्या मेजवान्या दिल्या. थोड्या दिवसांनी मुलं तापाने पडू लागली. टायफॉईड निघाला आणि चौघं दगावले. एच. डब्ल्यू. कॉन हे तिथे जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी एकेक संशयित बाजूला काढत नेला आणि शेवटी हाताशी उरली ती कच्ची कालवं. ती आली होती फेअर हेवनहून. तिथे क्विनिपियाक नदीच्या मुखाशी व्यापारी ती विकण्याआधी एक-दोन दिवस बुडवून ठेवत. खाऱ्या पाण्यातलं कालव कमी खाऱ्या पाण्यात गेलं की पाणी शोषून फुगतं, टपोरं दिसतं आणि भाव खातं. आपल्याकडे दुधात पाणी घालतात. इथे मालच स्वतः पाणी पीत होता. कॉननी जवळचं एक घर शोधून काढलं. त्या घरात टायफॉईडचे रोगी होते आणि घराचं मैलापाणी गटारातून थेट नदीत उतरत होतं. कालव दिवसभर पाणी गाळून त्यातलंच अन्न खातं, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात साठतं. त्याच ठिकाणची कालवं अ‍ॅमहर्स्टच्या कॉलेजातही गेली होती. तिथेही ताप निघाला.

एवढं उघड झाल्यावर कायदा यायला हवा होता. आला नाही. 1902 मध्ये इंग्लंडात विंचेस्टर आणि साउदम्प्टनला महापौरांच्या मेजवान्यांत हेच घडलं, विंचेस्टरचे डीन त्यात गेले आणि एम्सवर्थ गावाचा कालवांचा धंदा बसला. अमेरिकेत लोक खात राहिले.

मग 1924 चा हिवाळा आला. न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन या शहरांत एकाच सुमाराला टायफॉईड उसळला. सुमारे 1,500 लोक आजारी पडले आणि 150 च्या आसपास मेले. माग लाँग आयलंडवरच्या वेस्ट सेव्हिलपर्यंत पोचला. बातमी फुटताच लोकांनी कालवांकडे पाठ फिरवली. तेव्हा आरोग्य खात्यांच्या बरोबरीने व्यापारीही सरकारच्या दारात उभे राहिले: नियम करा, पण आमचा धंदा वाचवा. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत खरा क्षण वाटतो. 19 फेब्रुवारी 1925 ला सर्जन जनरल ह्यू कमिंग यांनी वॉशिंग्टनला बैठक बोलावली. तिथे ठरलं ते साधं होतं. राज्याने पाणी तपासायचं, व्यापाऱ्याला परवाना द्यायचा आणि केंद्राने राज्यावर नजर ठेवायची. चांगल्या पाण्यातला माल विकायचा, वाईट पाण्याला टाळं लावायचं. पुढे त्याला आकडाही आला: पाण्याच्या 100 मिलिलिटरमागे विष्ठेतल्या जंतूंची सरासरी 14 च्या वर जाता कामा नये. मोठा पाऊस पडून शहराची गटारं खाडीत ओसंडली, की आजही त्या खाडीतली काढणी बंद होते.

आणि ही चिठ्ठी. पाण्यात न विरघळणारी. तिच्यावर काढणाऱ्याचा क्रमांक, काढल्याची तारीख, नेमकी जागा, माल कोणता आणि किती. गोणी रिकामी होईपर्यंत ती काढायची नाही, दोन गोण्यांचा माल एकत्र करायचा नाही, शेवटचं कालव विकलं त्या दिवसाची तारीख घालून ती 90 दिवस जपायची. नव्वदच का? हेपटायटिस ए, म्हणजे आपली दूषित पाण्याची कावीळ, अंगात 15 ते 50 दिवस दबा धरून बसते. रोगी डॉक्टरकडे पोचतो तेव्हा शिंपा कधीच कचऱ्यात गेलेल्या असतात. उरते ती तारेतली चिठ्ठी.

नोव्हेंबर 1993 मध्ये लुइझियानाची कालवं खाऊन माणसं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली, तेव्हा माग नेमक्या काढणीच्या जागेपर्यंत गेला. तिथल्या एका काढणाऱ्याने कबूल केलं, की तो आधी आजारी होता आणि बोटीवरचा मैला त्याच पाण्यात टाकला होता. पाणी परवान्याचं होतं, तपासलेलं होतं. एका माणसाचं पोट बिघडलं, एवढं पुरलं.

इथवरची लढाई माणसाच्या घाणीशी होती. व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू गटारातून येत नाही. तो समुद्राचाच रहिवासी आहे. पाणी तापलं की वाढतो आणि स्वच्छातल्या स्वच्छ खाडीतही असतो. कालव दिसायला, वासाला, चवीला ताजंच लागतं. लिंबू पिळा, तिखट सॉस ओता, त्याला काही होत नाही. धडधाकट माणूस बहुधा निभावतो. यकृत खराब असलेल्याच्या रक्तात तो शिरला, तर निम्मे रोगी मरतात. यावर चिठ्ठीचा उपयोग नाही, कारण ती माणूस मेल्यानंतर पत्ता सांगते.

कॅलिफोर्नियाने 2003 मध्ये कडक पाऊल उचललं. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात मेक्सिकोच्या आखातातली कालवं आणायची, तर आधी उष्णतेने, दाबाने किंवा गोठवून जंतू मारलेली हवीत. 1991 ते 2001 या काळात त्या राज्यात 40 जण मेले होते. बंदीनंतर आकडा जवळजवळ शून्यावर आला. ते पाहून अन्न आणि औषध प्रशासनाने ऑक्टोबर 2009 मध्ये जाहीर केलं, की 2011 च्या उन्हाळ्यापासून हे देशभर लागू करू. आखाताकाठच्या लुइझियानात गहजब झाला: आमचं कालव मारून विकायचं? छोट्या धंदेवाल्यांना यंत्रं परवडणार नव्हती, हेही खरं होतं. महिन्याभरात, नोव्हेंबरात, प्रशासन मागे हटलं. 1925 ला व्यापाऱ्यांनी सरकारला हाक मारली होती. 2009 ला त्यांनीच सरकारला परतवलं. टायफॉईडने धंदा बुडत होता, या जंतूने फक्त गिऱ्हाईक मरत होतं. माझं हे बोलणं कडू आहे, पण फरक तिथेच आहे.

थंडीच्या भरवशावर बसलेल्यांनाही धक्का बसला. जुलै 2004 मध्ये अलास्कात, पर्यटकांच्या जहाजावर, याच जातकुळीतल्या व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसने माणसं आजारी पडली. तिथलं पाणी उन्हाळ्यात 15 अंश सेल्सिअसच्या वर गेलं होतं. तोवर हा जंतू इतक्या उत्तरेला आजार देईल, असं कोणी धरून चाललं नव्हतं. आता उष्ण महिन्यांत काढणाऱ्याला तारखेबरोबर घड्याळही सांभाळावं लागतं: कालव पाण्याबाहेर किती वाजता आलं, बर्फात किती वाजता गेलं.

काउंटरवरच्या त्या माणसाने मला तारेतली एक चिठ्ठी वाचायला दिली. खाडीचं नाव होतं, तारीख तीन दिवसांपूर्वीची. मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात इशारा होता, कच्चं खाणं तब्येतीला धोक्याचं ठरू शकतं म्हणून. तो मी दोनदा वाचला आणि माझ्यापुरती कालवं तळून मागवली.