न बोलायचीं दुखणीं आणि नर्सबाई

चिमूर हें नांव आमच्या बहुतेक वाचकांस १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळें ठाऊक आहे. पुढच्या दिवसांत तेथील स्त्रियांवर जो प्रसंग गुदरला, त्याची चौकशी व्हावी म्हणून आचार्य भन्साळी यांनीं ६३ दिवस उपोषण केलें. परंतु त्या हकिगतींस वाचा फुटली ती नागपूरकडील कांहीं स्त्रिया तेथें गेल्या व चिमूरच्या बायकांजवळ बसून त्यांनीं त्या ऐकून घेतल्या म्हणून. बाईची वेदना बाईजवळच मोकळी होते, ही गोष्ट आम्हांस एका अगदीं निराळ्या विषयाच्या आरंभीं आठवली. तो विषय म्हणजे स्त्रियांचीं न बोलायचीं दुखणीं व तीं ऐकणारी नर्सबाई.

चिमूर तालुक्यांतील बाई पावसाळ्यांत भाताच्या रोवणीला दिवसभर चिखलांत वांकून उभी असते. अंगावरून पांढरें जातें, ओटीपोटांत ओढ लागते, एखादीचें अंग बाहेर येतें. पण दवाखान्यांत गेली तर पुरुष डॉक्टरपुढें ती 'कंबर दुखते' एवढेंच सांगते व गोळ्या घेऊन परत येते. आमच्या सुशिक्षित भगिनींनीं यावर हंसूं नये. आपल्या माजघरांतहि याच दुखण्यांस 'अशक्तपणा' हें सभ्य नांव आहे, आणि सासूबाईंच्या शतावरीवर तीं वर्षानुवर्षें भागविलीं जातात.

हीं दुखणीं किती पसरलीं आहेत याचा हिशेब याच मुलुखांत झाला. जुन्या चांदा जिल्ह्यांतून १९८२ सालीं निराळ्या झालेल्या गडचिरोलींत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी केली. तिचा वृत्तान्त १९८९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत छापून आला. शेंकडा ९२ स्त्रियांना कांहीं ना कांहीं स्त्रीरोग होता. दर स्त्रीमागें सरासरी साडेतीनांहून अधिक विकार निघाले. त्यापूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा अवघ्या ८! तोंवर आरोग्यखात्यास स्त्री दिसे ती बहुतेक गर्भार असतांना, नाहींतर संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेस न्यावयाची असतांना.

आडरानांत स्त्री-डॉक्टर रोज मिळणें कठिणच. नर्सबाई मात्र मिळूं शकते. डोंगराळ व आदिवासी भागांत ३,००० वस्तीस एक उपकेंद्र असावें, असें सरकारी मान आहे. घरोघरच्या सुना तिला नांवानें ठाऊक असतात. बाळाला लस टोंचतां टोंचतां ती विचारते, "तुझं कसं आहे गं?" आणि मग आंतलें गाऱ्हाणें बाहेर येतें. रक्त कमी आहे कीं नाहीं हें ती पाहते, तांबी बसविते, कोणतें दुखणें पुढें पाठवावें हें ओळखते. मुंबईच्या वस्त्यांतून टाटा स्मारक रुग्णालयानें याहून पुढची गोष्ट दाखवून दिली. डॉक्टर नसलेल्या, कांहीं आठवड्यांचें शिक्षण दिलेल्या स्त्रियांनीं पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणें, तेथील कर्करोगानें होणारे मृत्यु त्यामुळें शेंकडा ३१ नीं घटले.

२०१८ सालीं केंद्र सरकारनें परिचारिकांस दीड वर्षाचें विशेष शिक्षण देऊन प्रसूतिकार्यांत 'नर्स प्रॅक्टिशनर' करण्याचें धोरण जाहीर केलें. सरळ बाळंतपण तिनें आपल्या जबाबदारीवर करावें, अडचण दिसतांच डॉक्टरांकडे पाठवावें, अशी ही योजना. इंग्लंडांत सुइणींविषयीं कायदा १९०२ सालींच झाला होता. आपणांस उशीर झाला, पण पाऊल योग्यच आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या शिक्षणाचा भर बाळंतपणावर आहे, आणि रोवणींत वांकलेली ती बाई काय दर वर्षीं बाळंतीण थोडीच असते?

बरें, ही नर्सबाई यावयाची कोठून? पुण्याच्या सेवासदनांत रमाबाई रानडे यांच्या देखरेखीखालीं विधवांना परिचारिकेचें शिक्षण मिळूं लागलें, तेव्हां आपल्याच आळींत नाकें मुरडलीं गेलीं. आज मुलीनें डॉक्टर व्हावें म्हणून सारें घर राबतें. नर्स होतें म्हणाली तर चहाचा पेला हातांतच राहतो.

चिमूरकडील उपकेंद्रास या कामासाठीं फारसें कांहीं नको. एक टेबल, दिवा, हात धुण्यास पाणी, व आंतून कडी लागणारी खोली. नर्सबाईचा बराच दिवस वह्या भरण्यांत जातो. आठवड्यांतली एक दुपार त्यांतून सोडवून तिला नुसतें ऐकण्यास द्यावी. बाया येतील, रोवणी आटोपली कीं येतील.